किती पावलांवर आहे तुमची विहीर?

जुलै २०२२ मधील गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी अशी दोन छोटी गावे आहेत. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. गावात एकाएकी जुलाब-उलट्यांची साथ उसळली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिघे दगावले आणि जवळजवळ पन्नास माणसे अत्यवस्थ झाली. आजारी पडलेल्यांची संख्या शंभराच्या वर गेली. गावकरी एका उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. वर्तमानपत्रांत आलेल्या माहितीप्रमाणे गावाला नळयोजना होती, पण वीजबिल थकल्यामुळे तिची वीज तोडली गेली होती. नळ कोरडा पडला तेव्हा लोक आपल्या जुन्या विहिरीकडे वळले, आणि विहिरीत पहिल्या पावसाने वाहून आणलेली घाण होती.

विद्यार्थी मित्रांनो, ही बातमी वाचून आपण हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. ‘मेळघाटातली गोष्ट, आपल्याला काय त्याचे?’ असेही मनात येते. पण नळ बंद पडला की विहिरीकडे वळणे हे केवळ मेळघाटात घडत नाही. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील कितीतरी गावांत नळाला एक दिवसाआड, कधी आठवड्याने पाणी येते. मधल्या दिवसांत आवारातली विहीर किंवा बोअर हाच आधार असतो. शेतातल्या वस्तीवर तर वर्षभर तोच आधार. म्हणून या लेखात मी तुम्हांला एकच प्रश्न विचारणार आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही पुस्तकात न शोधता पायांनी शोधावे अशी माझी विनंती आहे: तुमच्या घराच्या शौचालयाचा खड्डा तुमच्या विहिरीपासून किती पावलांवर आहे?

मामांचे ‘टाके’

हा प्रश्न मला कसा पडला ते आधी सांगतो. चांदूरबाजार तालुक्यातील एका गावी माझे मामा राहतात. संत्र्याची बाग, बागेला लागून घर, घरामागे चिरेबंदी विहीर. काही वर्षांपूर्वी मामांनी घर नवे बांधले आणि मोठ्या हौसेने शौचालयही बांधले. दिवाळीच्या सुटीत मी गेलो तेव्हा मामांनी मला ते दाखवले. फरशी बसवलेली, पाण्याची टाकी वर, सारे नीटनेटके. मी विचारले, ‘‘खड्डा कुठे घेतला?’’

मामांनी अभिमानाने विहिरीच्या बाजूला बोट दाखवले. ‘‘बारा फूट खोल टाकं खंदलं बाबू! खाली मुरूम लागला, पाणी कसं सप्पकन जिरते. जन्मभर भरत नाही ते.’’

मी पावले मोजली. टाक्यापासून विहीर बारा पावलांवर होती. आणि टाके विहिरीच्या वरच्या अंगाला होते, म्हणजे जमिनीचा उतार टाक्याकडून विहिरीकडे होता. मी तसे म्हटल्यावर मामा हसले. ‘‘मास्तर, तुमची विद्या शाळेत ठेवा. आमच्या आज्यापासून आम्ही हेच पाणी पेतो. काय झालं आमाले?’’

पुढच्या पावसाळ्यात मामांच्या नातवाला कावीळ झाली आणि महिनाभर तो अंथरुणाला खिळला. आम्ही विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. अहवाल आला, ‘पिण्यास अयोग्य’. आता, ती कावीळ त्या विहिरीमुळेच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही. मुलगा बाजारातही खात-पीत होता. विज्ञानाच्या शिक्षकाने पुराव्यापेक्षा जास्त बोलू नये. पण पाण्यात मैल्यातले जंतू होते, ही गोष्ट मात्र प्रयोगशाळेने सिद्ध केली होती. ते जंतू तेथे कसे आले असतील, याचा विचार करण्यासाठी आपल्याला थोडे जमिनीखाली उतरावे लागेल.

मामांच्या म्हणण्यात एक तथ्य होते, तेही मान्य केले पाहिजे. आजोबांच्या काळी घरात शौचालय नव्हते. माणसे गावाबाहेर जात. ती पद्धत वाईटच होती. माशा, पावसाचे वाहते पाणी आणि उघडे पाय यांतून रोग पसरत आणि स्त्रियांचे तर अतोनात हाल होत. पण मैला निदान विहिरीपासून दूर, जमिनीच्या पृष्ठभागावर पडत असे. आपण शौचालये बांधली हे फार चांगले केले. २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानानंतर खेडोपाडी घरटी शौचालय आले. मात्र त्याबरोबर मैला घराच्या आवारात आला आणि जमिनीच्या खाली दहा-बारा फूट गेला. विहीर तर तेथेच होती! पाणी तेच राहिले, पण पाण्याचा शेजार बदलला. ‘आज्यापासून हेच पाणी’ हा युक्तिवाद म्हणूनच आता लागू पडत नाही.

टाकीत काय घडते?

आपल्याकडे शौचालयामागच्या कोणत्याही खड्ड्याला ‘सेप्टिक टँक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरी सेप्टिक टाकी म्हणजे चारी बाजूंनी आणि तळालाही पक्की, पाणी न झिरपणारी टाकी. फ्रान्समधील लुई मूरास याने एकोणिसाव्या शतकात अशी टाकी तयार केली आणि इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५ च्या सुमारास तिला हे नाव दिले.

या टाकीत मैलापाणी शिरले की जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर साय धरतो आणि मध्ये गढूळ पाण्याचा थर राहतो. टाकीत हवा नसते. हवेविना जगणारे जीवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायॉक्साइड आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. म्हणून टाकीला उंच नळी लावतात. मधल्या थरातले पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते.

येथेच मोठा गैरसमज आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी ‘साफ’ झालेले असते असे अनेकांना वाटते. ते मुळीच साफ नसते. त्यातला गाळ कमी झालेला असतो, एवढेच. विषमज्वर, पटकी, हगवण, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू त्यात जिवंत असू शकतात. हे पाणी शुद्ध करण्याचे खरे काम टाकीचे नसून टाकीनंतरच्या मातीचे असते. टाकीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा चरांत सोडायचे आणि तेथून ते मातीत सावकाश मुरू द्यायचे, अशी मूळ योजना आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हा दुसरा भाग गाळलेलाच असतो. टाकीचे तोंड सरळ गावच्या नालीत उघडते, किंवा मामांच्या टाक्यासारखे तळच ठेवलेला नसतो.

माती ही गाळणी. पण कोणती माती?

माती मैलापाणी कसे शुद्ध करते? मातीच्या कणांमधल्या अरुंद वाटांतून पाणी जाताना जंतू अडकतात. मातीच्या वरच्या थरात हवा असते आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते या पाहुण्यांना खाऊन टाकतात. शिवाय आतड्यातल्या उबेत वाढणाऱ्या जंतूंना मातीत फार दिवस तग धरता येत नाही. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: बारीक वाटा, हवा आणि वेळ. पाणी जितके सावकाश जाईल तितके ते निर्मळ होईल. ‘पाणी कसं सप्पकन जिरते’ हे मामांचे वाक्य आठवा. ज्याचा त्यांना अभिमान वाटला, तीच काळजीची गोष्ट होती.

आता आपल्या वऱ्हाडाची जमीन पाहू. वरती काळी कपाशीची माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक बनला. तो अखंड नाही. त्याला भेगा आणि सांधे आहेत, आणि आपल्या विहिरींचे झरे म्हणजे याच भेगांतून येणारे पाणी. वाळूतून झिरपणारे पाणी गाळले जाते. भेगेतून वाहणारे पाणी गाळले जात नाही, ते नळातून यावे तसे येते. मामांनी बारा फूट खणून काळी माती ओलांडली आणि टाके मुरमात व भेगांच्या तोंडाशी नेऊन ठेवले. गाळणी वर राहिली आणि मैला गाळणीच्या खाली सोडला! खोल खड्डा म्हणजे चांगला खड्डा ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की तिच्याविरुद्ध बोलताना मला संकोच वाटतो. पण खरे तेच सांगितले पाहिजे: खड्डा जितका खोल, तितका तो विहिरीच्या पाण्याच्या जवळ.

काळ्या मातीचीही एक खोड आहे. ती ओली झाली की फुगते आणि पाणी जवळजवळ जिरूच देत नाही. उन्हाळ्यात तीच आकसते आणि तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की वरची सारी घाण या भेगांतून खाली उतरते. साथीच्या बातम्या जून-जुलैत अधिक का येतात, याचे एक कारण येथे सापडते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. येथे खडकावर नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत आणि भूजल खारट आहे. त्यामुळे विहिरीचे पाणी पिण्याकडे लोकांचा ओढाच कमी. वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजनांवर अकोट-तेल्हाऱ्याकडील गावे अवलंबून आहेत. पण येथेही धोका टळत नाही. ज्या नालीत सेप्टिक टाकीचे तोंड उघडते, तिच्यातूनच नळाची वाहिनी गेलेली असते. पाणी सुटलेले नसते तेव्हा वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून नालीचे पाणी आत ओढले जाते. आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात ही वाहिनी बहुतेक वेळ रिकामीच असते!

लंडनच्या पंपापासून कोणता धडा?

विहीर आणि मैल्याचा खड्डा यांच्या शेजाराची सर्वांत प्रसिद्ध कथा लंडनची आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यू नकाशावर मांडले. ते एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेले दिसले. स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या भागातील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचा स्नोंच्या मतावर विश्वास नव्हता. ते खोडून काढण्यासाठी त्यांनी स्वतः चौकशी केली आणि शेवटी स्नोंचेच म्हणणे त्यांना पटले. पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते. त्याचे लंगोट धुतलेले पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतले जात होते. १८५५ मध्ये तो खड्डा उकरून पाहिला, तर त्याच्या विटा निखळलेल्या होत्या आणि विहीर त्यापासून तीन फुटांच्याही आत होती.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी कलकत्त्यात १८८४ मध्ये वेगळा काढून दाखवला, म्हणजे या घटनेनंतर तीस वर्षांनी. स्नो यांच्याजवळ त्या जंतूची ओळख नव्हती, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. त्यांच्याजवळ होती चौकशी, नकाशा आणि मोजलेले अंतर. ही तीनही साधने आज प्रत्येक माध्यमिक शाळेत उपलब्ध आहेत.

दोन उथळ खड्डे

मग करावे काय? शौचालय मोडायचे काय? मुळीच नाही. योग्य रीतीने बांधायचे. भारतीय मानकाप्रमाणे सेप्टिक टाकीचे पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवी. म्हणजे सुमारे ६० फूट. तुमच्या पावलांनी साधारण पंचवीस. भेगांच्या खडकात हे अंतर जितके वाढवता येईल तितके बरे. शिवाय खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा.

पण खेड्यातील बहुतेक घरांसाठी सेप्टिक टाकीपेक्षा दोन शोषखड्ड्यांचे शौचालय चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सहा माणसांच्या घराला सुमारे मीटरभर रुंद आणि तितकेच खोल असे दोन खड्डे पुरतात. त्यांच्या विटांच्या भिंतीत मुद्दाम भोके ठेवलेली असतात. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो काही वर्षांनी भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला झाकून ठेवायचा. दीड-दोन वर्षांत झाकलेल्या खड्ड्यातील मैल्याचे वास नसलेले, भुसभुशीत खत होते. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही म्हणून खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळू-मुरमाचा थर द्यावा. जेथे भेगांचा खडक वर आहे तेथे खड्ड्याचा तळ बंद करावा आणि भोवती वाळूचा थर अधिक जाड द्यावा. खड्डा उथळ असल्यामुळे मैलापाणी मातीच्या हवेशीर थरात मुरते. गाळणीच्या वर, गाळणीच्या खाली नव्हे.

दोन खड्ड्यांच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे आहे. सेप्टिक टाकी केव्हातरी भरतेच. दोन-तीन वर्षांनी तिचा गाळ उपसावा लागतो. तो कोण उपसतो? यंत्राची गाडी येत नसेल तर आपण एखाद्या गरीब माणसाला बोलावतो आणि त्याला आत उतरवतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो; आणि फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून धोका कळतही नाही. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. असे मृत्यू आजही दर वर्षी होतात. सुरक्षा-साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि उतरणारा माणूस कोणत्या जातींचा असतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत ताजा मैला कोणालाच उपसावा लागत नाही. घरधन्याने स्वतः फावडे घेऊन खत काढावे आणि स्वतःच्या संत्र्याला घालावे. दुसऱ्या खड्ड्याच्या विटांना जो खर्च येतो, त्यात एका माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत चुकती होते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी स्वतः मैला उचलला आणि मैल्याचे खत करणारे सोपे संडास तयार केले. त्यांच्या कामापासून स्फूर्ती घेऊन देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालय आणि गोबर गॅस यांची जोड घातली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या सर्वांनी एकच गोष्ट शिकवली: मैल्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

आक्षेप आणि उत्तरे

‘गावठाणातल्या घराला आवार असते केवढे? १८ मीटर आणायचे कोठून?’ हा आक्षेप खरा आहे. चार घरांच्या दाटीत एकाचा खड्डा दुसऱ्याच्या विहिरीला टेकतो. अशा ठिकाणी उथळ खड्डा, वाळूचे आवरण आणि त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी न वापरणे, एवढे तरी करावे. भांडी-कपडे, झाडे, गुरे यांना ते चालेल; पिण्याचे पाणी नळाचे घ्यावे किंवा उकळून घ्यावे.

‘आमची बोअर दोनशे फूट खोल आहे, तिला काय होते?’ असे बरेच जण म्हणतात. बोअरला लोखंडी किंवा प्लॅस्टिकची नळी फक्त वरच्या काही फुटांत असते. त्या नळीभोवतीची पोकळी सिमेंटने बंद केली नसेल, तर वरचे पाणी नळीच्या कडेने सरळ खाली उतरते. खोलीचा भरवसा धरू नये.

‘पाणी स्वच्छ दिसते, चवही गोड आहे.’ जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना चव नसते. आणखी एक पदार्थ असाच आहे: नायट्रेट. मैला, शेणाचा उकिरडा आणि रासायनिक खते या तिन्हींपासून तो पाण्यात उतरतो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून फार जास्त नायट्रेट असलेले विहिरीचे पाणी दुधाच्या भुकटीत कालवून तान्ह्या मुलांना पाजले, तर त्यांचे अंग निळे पडते, हे अमेरिकेतील डॉ. कॉम्ली यांनी १९४५ मध्ये दाखवले. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. म्हणून उकळणे हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. पाणी तपासणे आणि खड्डा दूर नेणे याला पर्याय नाही.

कोणाची जबाबदारी?

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या सार्वजनिक पाणवठ्यांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही चांगली पद्धत आहे. पण तुमच्या आवारातल्या विहिरीला कोणते कार्ड? कोणतेच नाही. खाजगी विहीर ही खाजगी बाब समजली जाते. मात्र जमिनीखाली खाजगी असे काही नसते. माझ्या खड्ड्यातले पाणी तुमच्या विहिरीत जाते आणि त्याला कुंपण दिसत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, शौचालय किंवा घर बांधण्यास मंजुरी देताना आपल्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचे अंतर मोजून लिहिले जावे. केवळ ‘शौचालय आहे’ अशी नोंद पुरेशी मानू नये. दोन, ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात ती खाजगी असली तरी वर्षातून दोनदा तपासली जावी. सरकारने हे करावेच. पण तोवर शाळांनी थांबू नये.

शाळेने करावयाचे काम

शिक्षक मित्रांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी आपण दर वर्षी थर्मोकोलचा ज्वालामुखी करतो. या वर्षी गावाचा नकाशा करू या. नववीच्या मुलांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाने एका आळीतील विहिरी आणि बोअर निळ्या ठिपक्यांनी, शौचालयांचे खड्डे तांबड्या ठिपक्यांनी दाखवावेत आणि जमिनीचा उतार बाणाने. ज्या जोडीत अंतर १८ मीटरपेक्षा कमी आहे, तिच्याभोवती वर्तुळ काढावे. त्या विहिरींचे पाणी आधी तपासावे.

तपासणीची एक सोपी पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनीच दिली आहे. मंजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये ती प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत रसायनाची पट्टी असते. बाटली खुणेपर्यंत पाण्याने भरून उबदार जागी ठेवायची. मैल्यातील जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. काळी झालेली बाटली उघडून हुंगू नये. शिक्षकांनी तिच्यात ब्लीचिंग पावडर घालूनच ती टाकावी. बाटली काळी पडली तर घाबरून न जाता जिल्हा प्रयोगशाळेकडून पक्की तपासणी करून घ्यावी.

गणिताच्या तासालाही काम आहे. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर. तर पाणी = ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८,००० लिटर. दर हजार लिटरला चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे अडीच ग्रॅम धरले तर सुमारे ७० ग्रॅम लागेल. पाणी घाण असेल तर अधिक. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे पाणी रात्री विहिरीत सोडावे आणि बादलीने ढवळावे. उघड्या डब्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, हे विसरू नये. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला शाळेत बोलावून हे प्रात्यक्षिक करून घेतले तर अधिक उत्तम.

घरी जाऊन वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही चुकलात’ असे मात्र सांगू नका. मी तसे सांगितले आणि मामांनी माझी विद्या शाळेत परत पाठवली! त्यांना नकाशा दाखवा, दोर धरून त्यांच्याच हाताने अंतर मोजू द्या, बाटली त्यांच्याच पाण्याने भरू द्या. प्रयोगशाळेचा कागद पाहिल्यावर मामा काही बोलले नाहीत. उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा घराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून तीस पावलांवर, दोन उथळ खड्डे खणून झाले होते. जुन्या टाक्यात माती भरायचे काम चालले होते. मामा म्हणाले, ‘‘हे तं आधी सांगाचं होतं मास्तर, बारा फूट खंदाची मजुरी वाचली असती.’’

आता उठा आणि तुमची पावले मोजा.